हॉरेसच्या अकरा गाड्या

आयव्हीने त्या रविवारी एका कागदावर सही केली असती, तर क्रेगचे साडेचार हजार पौंड वाचणार होते. त्याच्या बापाचे, म्हणजे रेजचे, साडेतीन हजार. क्रेगच्या बहिणीचं, लोरेनचं, पैशात फारसं काही वाचणार नव्हतं. पण नगरपालिकेच्या पगार विभागातली नोकरी आणि तिथलं वजन, दोन्ही वाचणार होती. त्यांच्या आईला, ग्लेनिसला, कोणी आकडा विचारला नव्हता, पण घरामागे बांधायची ठरलेली काचेची खोली तिने मनात केव्हाच झाडून पुसून ठेवली होती, ती वाचणार होती. चौघांचा फायदा आणि सही एकीची. ट्रँटरांच्या घरात असा व्यवहार नवा नव्हता. सही नेहमी आयव्हीचीच असायची.

पत्र आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारी आलं होतं. कर खात्याचं, अतिशय सभ्य भाषेतलं. जुन्या गाड्या विकायच्या ज्या वेबसाइट आहेत, त्या आता विकणाऱ्यांची नावं खात्याला कळवतात. त्या माहितीनुसार टिप्टनच्या श्रीमती आयव्ही ट्रँटर, वय एकोणऐंशी, यांनी गेल्या वर्षी अकरा मोटारी विकल्या असाव्यात असं दिसतं, तर त्याबद्दल काही सांगायचं आहे का? आयव्हीला वाटलं, हिवाळ्यातल्या गॅसच्या मदतीचं पत्र असेल. तीन दिवस ते घड्याळामागे होतं.

रेजला लबाड म्हणणं बरोबर होणार नाही. त्याने सगळे नियम वाचलेले होते. फक्त प्रत्येक नियम एकदाच, आणि आपल्याला हवा तिथपर्यंत. तीस वर्षांपूर्वी, लिलावातून जुन्या गाड्या आणून घरून विकायला लागला तेव्हा, त्याच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात एक ओळ होती: पॉलिसी ज्याची आहे त्याला, मालकाच्या परवानगीने, स्वतःच्या मालकीची नसलेली गाडीही चालवता येईल. रेजने तिथेच पुस्तिका मिटली. म्हणजे लिलावात घेतलेली गाडी आपल्या मालकीची नसली की झालं! तेव्हापासून प्रत्येक गाडीचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, घरातल्या कुणाच्या तरी नावावर व्हायचं. नावाचे चाळीस पौंड, नाताळला एक हॅम. पुढे २०१७ साली सरकारने माणशी हजार पौंडांच्या किरकोळ धंद्याला कर माफ केला, तेव्हा रेजला वाटलं की आपली पद्धत वर कुणीतरी अभ्यासलेली दिसते.

सगळ्यात चांगलं नाव आयव्हीचं. ती रेजच्या थोरल्या भावाची, हॉरेसची, विधवा. दोन गल्ल्या सोडून नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात राहायची, आणि घरासमोरची गाडी लावायची जागा कायम रिकामी. जाहिरातीत 'वयस्कर बाईची, जपून वापरलेली गाडी' असं असायचं, आणि बेल वाजवली की खरोखरच वयस्कर बाई दार उघडायची. चहा यायचा, क्रीमची बिस्किटं यायची, आणि चहाबरोबर हॉरेस यायचा. हॉरेसने ही दर रविवारी धुतली बघा. हॉरेसने हिला पावसात कधी ठेवली नाही.

हॉरेस २०११ साली गेला. चाळीस वर्षं तो साखळ्यांच्या कारखान्यात बसने जात-येत होता, कारण त्याला गाडी चालवता येत नव्हती.

*

रविवारी एक वाजता ग्लेनिसने बीफ टेबलावर आणलं. जेवताना आवाज चढवायचा नाही असा त्या घरात नियम होता, म्हणून सगळे वाद जेवणाच्या वेळेसाठीच राखून ठेवलेले असत.

"आयव्ही आंटी, बटाटे घे ना अजून," क्रेग म्हणाला.

"तू वाढतोयस म्हणजे काहीतरी मागणार आहेस."

"मागत नाही, देतोय. ऐक. तुझं पेन्शन वर्षाला नऊ हजार. साडेबारा हजारांपर्यंत कुणालाच कर नाही. म्हणजे दरवर्षी तुझी साडेतीन हजारांची जागा नुसती रिकामी पडून असते."

"माझ्या घरासमोरच्या जागेसारखी."

"अगदी तशीच! आता अकरा गाड्या, गाडीमागे साडेतीनशे नफा, झाले तीन हजार साडेआठशे. गाड्या माझ्या होत्या, मीच विकल्या, एवढं तू लिहून दिलंस तर कर किती बसेल सांगू? वर्षाला पन्नास-साठ पौंड. चार वर्षांचे मागितले तरी अडीचशे. ते आम्ही भरू. मी आणि डॅड."

"आणि बाकीच्या गाड्या?" आयव्हीने विचारलं. "ग्लेनिसच्या सहा, लोरेनच्या पाच?"

"पत्रात त्यांचं नावही नाही."

"मग कशाला काढायचं?" ग्लेनिस म्हणाली आणि राखाडी वाटाण्यांचं भांडं जावेपुढे सरकवलं. तीस वर्षांत तिने आयव्हीपुढे आपणहून सरकवलेली ही दुसरी किंवा तिसरी वस्तू असेल. दर शनिवारी रेज 'गिऱ्हाईक येणार आहे' म्हणून आयव्हीकडे जायचा आणि पोटभर खाऊन यायचा, हे ग्लेनिसने कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती.

आयव्ही सही करणार होती. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ती घाबरून करणार नव्हती आणि तिला कोणी फसवतंय असंही तिला वाटत नव्हतं. तिने एकच हिशेब केला होता: सही केली तर शनिवार राहतील.

"पोलीस वगैरे येणार नाहीत ना रे?"

"पोलीस कशाला येतील?" रेज पहिल्यांदाच बोलला. "आपण बेकायदा काही केलंय का? माणशी हजार माफ. इथे पाच जण. आणि विमा तर मी एक दिवस चुकवला नाही."

इथे लोरेनने काटा खाली ठेवला.

खरं म्हणजे तिने गप्प बसायचं ठरवलं होतं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळा हिशेब एका पाकिटाच्या पाठीवर मांडला होता, आणि ते पाकीट आत्ता तिच्या पर्समध्ये होतं. क्रेगच्या बेतात तिच्या पाच गाड्या अंधारात राहत होत्या. ते पाकीट पर्समध्येच राहिलं असतं तर तिला कोणी काही म्हणणार नव्हतं. पण पगार विभागात बावीस वर्षं काढलेल्या बाईसमोर कोणी चुकीचा नियम ठामपणे सांगितला, की तिला ते सहन होत नाही.

"डॅड, ते हजार नफ्यावर नाहीत."

"मग कशावर?"

"विक्रीवर. हातात आलेल्या सगळ्या पैशांवर. बावीसशेची एक गाडी विकली की हजार कधीच संपले. एका गाडीत. पहिल्याच."

रेजने ग्लेनिसकडे पाहिलं, जणू हजार तिने संपवले होते.

"आणि विमा," लोरेनने खुर्चीखालून एक जाड पाकीट काढलं, "मॉम, हे तुझ्या ड्रॉवरमधून घेतलं. रागावू नकोस. दरवर्षी नूतनीकरणाचा कागद येतो तो उघडतं कोण?"

"उघडायचं काय त्यात? तेच तर असतं."

"तेच नसतं. ती दुसऱ्याची गाडी चालवायची सवलत २०१६ साली काढून टाकली. हे बघ, ठळक अक्षरात आहे. आणि होती तेव्हाही पुढच्या पानावर लिहिलं होतं: धंद्याच्या गाडीला लागू नाही."

"पुढच्या पानावर?" रेजने विचारलं.

"पुढच्या पानावर, डॅड."

रेजने ग्रेव्हीचं भांडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. नऊ वर्षं लिलावापासून टिप्टनपर्यंत, पावसात, धुक्यात, एकदा तर मागे नातवंडं बसवून, तो प्रत्येक गाडी विम्याशिवाय घेऊन आला होता. घरातल्या कुणालाही तो सीटबेल्टशिवाय बसू देत नसे.

"कुणाला धक्का लागला असता तर..." तो म्हणाला.

"लागला नाही ना," क्रेग म्हणाला. "झालं ते झालं. विम्याचं कुणी विचारलेलं नाही. विचारलंय कराचं, आणि त्याला उपाय आहे. आंटी, कागद मी टाइप करून आणलाय."

त्याने तो खरंच आणला होता. आयव्हीने चष्म्यासाठी हात पर्सकडे नेला. तेव्हा लोरेननेही आपली पर्स उघडली.

"आंटी, तुला पेन्शनवर सरकार वरचा भत्ता देतं ना? आठवड्याला पंचेचाळीस?"

"कमी पेन्शनवाल्यांना देतात तो. हो."

"गाड्या तुझ्या होत्या असं लिहिलंस, तर तो भत्ता तू खोटं बोलून घेतलास असं होतं. चार वर्षांचे नऊ हजार तीनशे साठ. परत द्यायचे. वर घरभाड्याची मदत आहे, ती वेगळी. क्रेगने छप्पन्न पौंड मोजले ते बरोबर आहेत. पण त्याने एकच रकाना मोजला."

क्रेगला भत्त्याचं माहीत नव्हतं. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे, कारण त्याच्या बाजूला लिहिण्यासारखं त्या दिवशी फारसं काही नव्हतं.

"तू कुणाच्या बाजूची गं?" ग्लेनिस लेकीला म्हणाली. "पाच गाड्या तुझ्या नावावर होत्या तेव्हा नाही आठवले नियम. त्या पैशांतून फ्रिज घेतलास."

"फ्रिजही लिहून देऊ, मॉम. सगळंच लिहून देऊ. आपण आपणहून सगळं सांगितलं तर दंड कमी लागतो. शोधून काढलं तर दुप्पट."

"आणि तुझी नोकरी?"

"सोमवारी साहेबाला मीच सांगते. त्याला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं."

ग्लेनिस उठली, रिकामी ताटं गोळा केली आणि आत जाऊन कस्टर्ड ढवळायला लागली. ढवळताना तिला आठवलं की आयव्हीच्या घराचं भाडं भरलं गेलं नाही, तर आयव्ही राहायला कुठे येईल. घरात एकच जादा खोली होती. तीही काचेची, आणि अजून न बांधलेली. परत आली तेव्हा तिने पहिली वाटी आयव्हीला दिली.

"सही करू नकोस," ती म्हणाली. "भाड्याचं बघ आधी."

आता क्रेग एकटा उरला. पण त्याच्याकडे एक मुद्दा होता, आणि तो खरा होता.

"सांगायचं ठीक आहे. सांगणार काय? हिशेब कुठाय? कागद नसले की खातं आपल्या मनाने आकडा लावतं. साडेतीनशेच्या जागी आठशे नफा धरतील. डॅड, तू कुठे लिहिलंयस काही?"

"सगळं माझ्या डोक्यात आहे," रेज म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. रेजला जावयाचं नाव आठवायला वेळ लागे, पण १९९८ साली विकलेल्या हिरव्या मेट्रो मोटारीचा भाव तो झोपेत सांगायचा.

"डोक्याची झेरॉक्स काढता येत नाही."

"माझ्याकडे आहे," आयव्ही म्हणाली.

तिने पर्समधून चष्मा काढला आणि मग एक वही. शाळेच्या मुलांची असते तशी, लाल पुठ्ठ्याची, कोपरे चहाने फुगलेले.

"हे काय आहे?" लोरेनने विचारलं.

"गाड्या. तेरा वर्षांच्या. हॉरेस गेल्यानंतरच्या शनिवारांपासून."

"हिशेब ठेवलास तू?"

"हिशेब कसला? मला लक्षात राहीना म्हणून. एका बाईला सांगितलं, हॉरेस आणि मी या गाडीने बार्मथला गेलो होतो, समुद्रावर. दोन महिन्यांनी तिची बहीण आली दुसरी गाडी बघायला, तिलाही मी बार्मथच सांगितलं. ती म्हणाली, तुमचा नवरा एकाच जागी दोन गाड्या घेऊन जायचा का? तेव्हापासून लिहून ठेवते. कुठली गाडी, कोण आलं, केवढ्याला गेली, लिलावात रेजने केवढ्याला घेतली, आणि हॉरेस तिने कुठे गेला."

ग्लेनिस हसू दाबत होती. "हॉरेस? बार्मथला आपण सगळे सहलीच्या बसने गेलो होतो. शेजारच्या सीटवर मी होते. जाताना ओकला आणि येतानाही ओकला."

"गाडीत नसता ओकला," आयव्ही म्हणाली. "स्वतः चालवणाऱ्याला होत नाही तसं."

"आणि गाडी २०१८ ची असेल तर?" लोरेनने विचारलं. "हॉरेस अंकल तर २०११ मध्ये..."

"मग त्याला तेवढी वर्षं जास्त द्यायची. गाडीच्या नंबरावरून साल कळतंच की. गेल्या वर्षीच्या त्या निळ्या गाडीसाठी तो २०२१ पर्यंत होता. चांगला होता शेवटपर्यंत. फक्त गुडघे दुखायचे."

रेजने भावाबद्दल तीस वर्षांत इतकं ऐकलं नव्हतं.

क्रेग मात्र वहीकडे बघत होता. आयव्हीकडचे पैसे तिच्याच टेबलावर मोजले जायचे, नोटा सुटसुटीत वीस-वीसच्या, आणि मोजून झाल्यावर, तोवर जेवून घरी झोपायला गेलेल्या बापाकडे तोच ते न्यायचा. दोन गल्ल्यांचं अंतर. त्या दोन गल्ल्यांत प्रत्येक गाडी शंभर पौंडांनी स्वस्त व्हायची.

"वाच ना," रेज म्हणाला. "जुळतंय का बघू."

आयव्हीने पान उघडलं. तिने वर न बघता वाचलं. "चौदा जून. चंदेरी फिएस्टा. घेतली अठराशे पन्नासला. ओल्डबरीची नर्स, दोन चमचे साखर. गेली तेवीसशेला. हॉरेस ब्रिजनॉर्थला, नदीकाठी."

"बावीसशे," रेज म्हणाला.

आयव्ही थांबली. "माझं अक्षर, रेज. बावीस असेल."

"पुढची."

"रेज, कस्टर्ड गार होतंय."

"पुढची वाच, आयव्ही."

"पाच जुलै. लाल कोर्सा. वेन्सबरीचे नवराबायको, तिने चहा घेतला नाही. सतराशे पन्नास."

"साडेसोळाशे," रेज म्हणाला. ह्या वेळी तो आयव्हीकडे बघत नव्हता.

लोरेनला दुसऱ्याच गाडीला कळलं. ग्लेनिसला कळलं की नाही हे कधीच कळलं नाही; ती त्या वेळी चमचे पुसत होती, आणि चमचे स्वच्छ होते.

"तिसरीची गरज नाही," क्रेग म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आंटीचं अक्षर चांगलं आहे. आकडे तिचेच बरोबर आहेत."

"किती दिवस?" रेजने विचारलं.

"पहिल्यापासून नाही. मुलं झाली तेव्हापासून."

"तुला माहीत होतं?" हे आयव्हीला.

"मला कसं माहीत असणार? क्रेग तुला किती आणून देतो ते तू मला कधी सांगितलंस?" आयव्हीने वही मिटली. तिला माहीत होतं. शनिवारी जेवताना रेज गाड्यांच्या भावाशिवाय दुसरं बोलायचाच काय?

रेजने कस्टर्डची वाटी संपवली. नीट, तळापर्यंत. मग ग्रेव्हीचं भांडं टेबलावर का राहिलंय ते बायकोला विचारलं, आणि ती ते आत न्यायला उठली तेव्हा म्हणाला, "मोटारधंद्याचा विमा असतो ना, लोरेन? खरा?"

"असतो. धंदा ज्याच्या नावावर त्याच्या नावावर. तो कर खात्यात नाव नोंदवतो, आलेली प्रत्येक गाडी विम्याच्या यादीत चढवतो, बिलावर स्वतःचा पत्ता लिहितो. खासगी गाडी आहे असं सांगून विकायचं नाही."

"मग तो क्रेगच्या नावावर काढ."

"माझ्या?" क्रेग म्हणाला. "डॅड, धंदा तुझा आहे."

"होता. मी एकाहत्तर वर्षांचा. माझ्या नावावर काढला तर हप्ता दुप्पट होईल. तुझा हप्ता, तुझं नाव, तुझं बिल. आणि दर आठवड्याला किती आले ते मला तोंडी सांगायचं नाही. लिहून द्यायचं. आयव्हीसारखं."

धंदा मिळाला की शिक्षा मिळाली, हे क्रेगला त्या दिवशी ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

"आणि शनिवारी?" आयव्हीने विचारलं. "गिऱ्हाईक आलं की?"

लोरेनने विम्याच्या कागदांची घडी घातली. "विमा क्रेगच्या पत्त्यावर असणार, आंटी. गाड्या त्याच्याकडेच उभ्या राहणार. तुझ्याकडे लावल्या तर त्या पत्त्याचे दोनशे दहा वेगळे."

"नाही, नाही," आयव्ही घाईने म्हणाली. "दोनशे दहा कशाला?" आणि वही लोरेनपुढे सरकवली. "ही लागेल तुला."

*

ऑक्टोबरपर्यंत सगळं मिटलं. खात्याने वही मान्य केली. एका अधिकाऱ्याने समासात पेन्सिलीने 'हॉरेस?' असं लिहिलं होतं, त्यापुढे काही नाही.

रेजने भरले तीन हजार चारशे ऐंशी. क्रेगने पाच हजार सातशे, कारण वहीने नफा वाढवला आणि वाढलेला नफा त्याचा एकट्याचा निघाला. शिवाय विम्याचा हप्ता सोळाशे चाळीस. ग्लेनिसने भरली ती न बांधलेली काचेची खोली. लोरेनची नोकरी राहिली, पण साहेब आता तिने केलेली बेरीज पुन्हा करून बघतो. आयव्हीचे नावाचे चाळीस-चाळीस मिळून वर्षाला चारशे चाळीस होत होते. हजाराची ती माफी साऱ्या घरात खऱ्या अर्थाने तिलाच लागू पडली. वरच्या भत्त्यातून मात्र आठवड्याला साडेतीन पौंड कापले गेले.

एवढंच तिने भरलं, असं लोरेनच्या पाकिटाच्या पाठीवर आहे. वही परत आली तेव्हा आयव्हीने ती घड्याळामागे ठेवली. घरासमोरच्या जागेत आता शेजाऱ्याची कचऱ्याची पेटी असते, आणि शनिवारी बेल वाजत नाही. तेव्हा बेरजेत हेही धरायला हवं: आयव्हीने हॉरेसची दहा वर्षं भरली. हॉरेस ट्रँटर पुन्हा २०११ सालीच वारला, आणि वारेपर्यंत बसनेच फिरत होता.